पोच द्या, मग जाते

मेल म्युच्युअल फंडाकडून आला होता. तुमच्या एसआयपीचा (दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात गुंतवायची सोय) हप्ता सलग तीन वेळा बँकेतून परत आला, म्हणून एसआयपी बंद करत आहोत, असा त्याचा मतलब. मी दोनदा वाचला. चुकून दुसऱ्या कुणाचा आला असावा असंच वाटलं, कारण दर महिन्याच्या 4 तारखेला मी त्या खात्यात न विसरता हजार रुपये टाकत होते. 5 तारखेला हप्ता जायचा. हजार टाकायचे, हजार जायचे, यात परत येण्यासारखं काय होतं?

हे खातं म्हणजे माझं जुनं पगाराचं खातं. 2016 साली नोकरी लागली तेव्हा कंपनीनंच उघडून दिलेलं. झिरो बॅलन्स. एकही रुपया नसला तरी बँक काही बोलायची नाही. नोव्हेंबर 2022मध्ये मी नोकरी सोडली आणि घरून अनुवादाची कामं घ्यायला लागले. रोजचे व्यवहार दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर नेले, पण एसआयपीचं मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप वळता करायची परवानगी, या जुन्या खात्यावर होतं आणि ते बदलायचा कंटाळा केला. तीनेक हजार रुपये पडलेले होते, असू देत म्हटलं. दोन विम्यांचे हप्तेही इथूनच जायचे, जीवन ज्योतीचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20.

तो कंटाळा पुढे मला बराच महाग पडला. ही हकिकत लिहितेय ती मात्र कंटाळ्याची नाही.

मेल आल्यावर आधी नेटबँकिंग उघडायला गेले. पासवर्ड आठवला, पण ओटीपी काही येईना. मग उजेड पडला की खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजूनही कंपनीनं दिलेल्या सिमचाच होता, आणि ते सिम मी नोकरी सोडताना लॅपटॉपबरोबर परत केलं होतं. ईमेलही ऑफिसचाच. म्हणजे वर्षभर बँक माझ्याशी जे काही बोलत होती, ते मी सोडून बाकी कुणालाही ऐकू जात असेल.

दुसऱ्या दिवशी पासबुक शोधून शाखेत गेले. दाराशीच पासबुक छापायचं मशीन असतं. स्टिकर वर करून पासबुक आत सरकवलं, पान उलटा असा आवाज आला, उलटलं, पुन्हा सरकवलं. खर्र, खर्र. चार पानं भरली. माझ्या मागे उभे असलेले आजोबा म्हणाले, "तुमचा बराच व्यवहार दिसतोय." व्यवहार कसला, सगळा एकतर्फी होता.

त्या पानांवर काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण आकडे एका ओळीत मांडल्याशिवाय ही गंमत कळत नाही.

पगार सलग तीन महिने जमा झाला नाही तेव्हा बँकेनं खातं साध्या बचत खात्यात बदललं. साध्या खात्याला महिन्याची सरासरी शिल्लक 10,000 हवी. सरासरी म्हणजे रोज रात्री खात्यात जी रक्कम असेल ती सगळी मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. (याचा अर्थ 30 दिवसांच्या महिन्यात एकच दिवस 3 लाख ठेवले आणि उरलेले 29 दिवस खातं रिकामं ठेवलं तरी बँक खूश. ज्याच्याकडे एका दिवसासाठी 3 लाख आहेत त्याला हा नियम कधी भेटतच नाही.) सरासरी कमी पडली तर तुटीच्या 6 टक्के किंवा 500 रुपये, यातलं जे कमी ते, आणि वर 18 टक्के जीएसटी.

मार्च 2023मध्ये माझी सरासरी भरली 3,400. तूट 6,600. तिचे 6 टक्के 396, वर जीएसटी 71.28. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 467 रुपये 28 पैसे गेले.

आता पुढचं बघा. ते 467 गेले म्हणून शिल्लक कमी झाली. शिल्लक कमी झाली म्हणून एप्रिलची तूट वाढली. तूट वाढली म्हणून दंड वाढला, 499.14. तो गेल्यावर शिल्लक आणखी खाली. मेअखेर विम्याचे 456 गेले. मेचा दंड 535.96. जूनपासून 500ची मर्यादा लागली म्हणून दर महिन्याला बरोबर 590. दंड स्वतःच पुढच्या दंडाची सोय करून जात होता. घरात वाळवी लागावी आणि आपण वरून रंग देत राहावं, तसं माझं दर 4 तारखेला हजार टाकणं चाललं होतं.

ऑगस्टच्या शेवटी खात्यात 229 रुपये 62 पैसे उरले होते. 4 सप्टेंबरला मी एसआयपीसाठी हजार टाकले. त्याच रात्री ऑगस्टच्या दंडाचे 590 वळते झाले. 5 तारखेला हप्त्याचे हजार मागायला फंडाची नॅच, म्हणजे आपोआप वसुलीची मागणी, आली, तर खात्यात 639.62. हप्ता परत. आणि हप्ता परत केल्याबद्दल बँकेचे वेगळे 500, जीएसटी धरून 590. उरले 49 रुपये 62 पैसे.

ऑक्टोबरात तेच. हजार टाकले, 590 दंडात गेले, 459.62 उरले, हप्ता परत, परतीची फी 590. पण खात्यात तेवढे नव्हते, म्हणून जेवढे होते तेवढे घेतले आणि 130.38 माझ्या नावावर मांडून ठेवले. नोव्हेंबरात टाकलेल्या हजारातून आधी ते 130.38 गेले, मग 590 दंड, मग पुन्हा हप्ता परत आणि उरलेले 279.62 परतीच्या फीत जमा. खात्यात शून्य. वर 310.38 बाकी. या बाकीला बँकेच्या भाषेत होल्ड म्हणतात.

किमान शिल्लकेचे आठ दंड मिळून 4,452 रुपये 38 पैसे. परतीच्या फीचे प्रत्यक्ष गेलेले 1,459 रुपये 62 पैसे. एकूण 5,912. सुरुवातीची माझी शिल्लक 3,368, त्यात शेवटचे तीन महिने टाकलेले 3,000, वजा विम्याचे 456. होतात 5,912. म्हणजे खात्यात माझं जे काही होतं ते पै-पैशासकट. तिमाही व्याजाचे दहावीस रुपये यायचे, ते एसएमएस सेवेच्या 17 रुपये 70 पैशांत जायचे, म्हणून दोन्ही या हिशेबात धरलेले नाहीत. ते एसएमएस कुठे जात होते हे वर सांगितलंच आहे.

माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे खात्यात पैसे नसले तरी बँक व्यवहार होऊ देते आणि मग ओव्हरड्राफ्ट फी म्हणून 35 डॉलरच्या आसपास लावते. म्हटलं, तिकडे निदान व्यवहार तरी होतो. आपल्याकडे व्यवहार होऊ न दिल्याची फी आहे.

मशीनपासून काउंटरपर्यंत जाताना मी मनात बरंच काय काय जुळवलं होतं. काउंटरवर पंचविशीतला मुलगा होता. त्यानं पासबुक पाहिलं, स्क्रीन पाहिली.

"मॅडम, हे सिस्टीमच कापते. आमच्या हातात काही नसतं."

"पण मला कुणी कळवलंच नाही."

"मेसेज गेलेत ना दर महिन्याला. हा बघा, शेवटी 41 असलेला नंबर. तुमचाच ना?"

"होता. वर्षापूर्वी."

"मग नंबर बदलायचा अर्ज द्यायला पाहिजे होता."

"दिला होता."

त्यानं पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "पोच आहे?"

आता दिला होता हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी शाखेत वीज गेली होती आणि मी जिन्यात बसून फॉर्म भरला होता. पण पोच? मी गप्प बसले. त्यानं सभ्यपणे नवा फॉर्म पुढे केला. तो भरला, आधार दाखवलं, नंबर बदलून घेतला आणि घरी आले.

आमच्या शेजारी एक काका राहतात. जन्म बँकेत काढला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वेगळी बँक, पण त्यांच्या मते सगळ्या बँका आतून एकाच गावच्या. संध्याकाळी त्यांच्याकडे पासबुक घेऊन गेले. त्यांनी चष्मा बदलला, पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "नंबर बदलायचा अर्ज दिलास याला पुरावा काय?"

"शोधते काका."

"शोध. सापडला तर ती तक्रार. नाही सापडला तर नुसतं गाऱ्हाणं."

रात्री कपाटातल्या सगळ्या पिशव्या उपसल्या. नोकरीच्या कागदांच्या पिशवीत, अपॉइंटमेंट लेटर आणि फॉर्म 16च्या मधे, फॉर्मचा फाडलेला खालचा भाग सापडला. विजिटिंग कार्डाएवढा कागद. त्यावर खातेदाराचं नाव, 'मोबाइल/ईमेल बदल' यावर बरोबरची खूण, कुणाची तरी वेलांटीसारखी सही आणि निळा गोल शिक्का, 19 डिसेंबर 2022. शिक्क्याची शाई एका बाजूला पुसट होती, तारीख मात्र ठसठशीत. मी त्याचा फोटो काढून लगेच काकांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "लॅमिनेट करू नकोस. झेरॉक्स काढ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नियम समजावला, तो असा. किमान शिल्लक किती असावी हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही, ते ज्या त्या बँकेवर सोडलेलं आहे. पण दंड कसा घ्यायचा याबद्दल तिचं 20 नोव्हेंबर 2014चं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015पासून लागू झालेलं. त्यात तीन गोष्टी आहेत. शिल्लक कमी झाली तर बँकेनं ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं आधी कळवायचं आणि ती भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायची. दंड तुटीच्या प्रमाणात हवा, सगळ्यांना सरसकट एकच रक्कम नको. आणि केवळ या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये.

"दुसरी अट त्यांनी पाळली आहे, 6 टक्के आहेत," काका म्हणाले. "तिसरीही कागदावर पाळली. खातं शून्य आहे, उणे नाही. उणेला ते होल्ड म्हणतात, तो भाग वेगळा. तू पहिलीवर उभी राहा. नोटीस बंद पडलेल्या नंबरवर पाठवणं म्हणजे नोटीस नाही, आणि नंबर बंद आहे हे त्यांना 19 डिसेंबरलाच सांगितलेलं होतं. बाकी सगळं सोड."

मी लिहिलेला पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्यात 'मनस्ताप' तीन वेळा आणि 'लूट' एकदा होतं. काकांनी पेन्सिलनं सगळं खोडलं. "तक्रारीत रडायचं नाही. तारखा लिहायच्या." शेवटी अर्जात राहिलं ते एवढंच: कोणत्या तारखेला काय दिलं, कोणत्या तारखेला किती कापलं याचा तक्ता, परिपत्रकाची तारीख, आणि मागणी काय ती एका वाक्यात. अनुवादाची कामं करून मला शब्दांचा बराच गर्व होता, तो त्या पेन्सिलीनं उतरवला.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. पगार थांबतो तेव्हा त्याच बँकेत खातं 'बेसिक' करून घेता येतं. मूलभूत बचत ठेव खातं. 2012पासून प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं, जनधनच्या आधीपासून. किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्डाला फी नाही, महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट. अट एवढीच की त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको. हे गरिबांसाठी असतं असं आपण धरून चालतो आणि शाखेत तर कुणी त्याचं नावही काढत नाही.

28 नोव्हेंबरला अर्जाच्या दोन प्रती घेऊन शाखेत गेले. आता पोचेचं माहात्म्य कळलेलं होतं. त्याच मुलानं एक प्रत घेतली आणि दुसरी परत सरकवली.

"यावर शिक्का द्या."

"मॅडम, तक्रारीवर शिक्का नाही देत. ऑनलाइन टाका, नंबर येतो."

"ऑनलाइनही टाकते. पण हा कागद तुम्ही घेतलात ना? घेतला एवढंच लिहून द्या."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"बसते."

पाऊण तास बसले. मधे एक बाई चेकबुकसाठी भांडून गेल्या, एकाचं पासबुक मशीननं खाल्लं. शेवटी साहेब बाहेर आले, अर्ज उभ्या उभ्या वाचला आणि काहीच न बोलता शिक्का मारला. मला वाटतं तक्ता बघून मारला. नुसतं पत्र असतं तर मीटिंग आणखी लांबली असती.

त्यानंतरचा महिना कंटाळवाणा आहे, भरभर सांगते. ऑनलाइन तक्रारीला नंबर मिळाला. 11 डिसेंबरला उत्तर आलं: 'शुल्क बँकेच्या सेवा शुल्क सूचीनुसार आकारण्यात आले आहे. आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात.' 19 डिसेंबरच्या पोचेबद्दल चकार शब्द नाही. मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे शाखेच्या वर तक्रारी बघणाऱ्या माणसाला, लिहिलं. तिथून तेच उत्तर आलं, फक्त फाँट वेगळा. दरम्यान होल्डचा आकडा आपला फुगत होता, डिसेंबरात 900.38, जानेवारीत 1,490.38. रिकाम्या खात्याला शिल्लक कमी असल्याचा दंड!

30 दिवस झाल्यावर, 2 जानेवारीला, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार टाकली. 12 नोव्हेंबर 2021पासून तिन्ही जुन्या लोकपाल योजना एक करून 'एकात्मिक लोकपाल योजना' आणलेली आहे. पूर्वी कुठला लोकपाल, कुठलं कार्यालय हे आपणच हुडकायला लागायचं. आता सीएमएस नावाचं एकच पोर्टल आहे. फी नाही. वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. काही अडलं तर 14448 हा टोल फ्री नंबर आहे.

पोर्टल अगदीच वाईट नाही. कॅप्चा दोनदा चुकला, फाइल मोठी आहे म्हणून एकदा बाहेर फेकलं. पण विचारतं ते नेमकं विचारतं: आधी बँकेकडे तक्रार केली का, कधी, उत्तर कधी आलं, त्याची प्रत जोडा. इथेच बऱ्याच लोकांची तक्रार बाद होते. बँकेला आधी लेखी दिलेलं नसतं, किंवा दिलेलं असतं पण उत्तर यायच्या आधी, 30 दिवसही होऊ न देता, रागाच्या भरात पोर्टलवर जातात. उलट फार उशीरही करायचा नाही, तेव्हा बँकेच्या उत्तरापासून वर्षाच्या आत यायला लागायचं. एका रकान्यात नुकसानभरपाई मागता यायची, वेळ, खर्च आणि मनस्तापापोटी 1 लाखापर्यंत. मी तो रिकामा सोडला. मनस्ताप काकांनी आधीच खोडलेला होता.

23 जानेवारीला दुपारी फोन आला. बँकेच्या मुख्य कार्यालयातून, एक बाई. आवाज इतका मऊ की आधी यांना मला क्रेडिट कार्ड विकायचंय असंच वाटलं.

"मॅडम, तुमची रिझर्व्ह बँकेकडे एक कम्प्लेंट आहे. आम्ही गुडविल म्हणून पन्नास टक्के रिव्हर्स करू शकतो. तुम्ही कम्प्लेंट मागे घ्याल का?"

"गुडविल नको. 19 डिसेंबरची पोच बघितलीत का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही, फक्त कीबोर्डची टकटक. मग त्यांनी उद्या फोन करते म्हणून सांगितलं आणि खरंच केला. किमान शिल्लकेचे आठही दंड जीएसटीसकट परत. होल्ड माफ. इथून पुढे दंड बंद. मात्र हप्ते परत आल्याची फी मिळणार नाही, कारण हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे.

यावर माझं म्हणणं साधं होतं. तुमचा दंड गेला नसता तर हप्ता परत आलाच नसता, मग त्याची फी माझ्या माथी का? हे मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमचा मुद्दा मी नोट करून घेते. आपलं म्हणणं कुणी नोट करून घेतलं की ते तिथेच संपतं हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर एक बोच माझ्याही मनात होती. फंडाचे सप्टेंबरचे आणि ऑक्टोबरचे मेल माझ्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये होते. न उघडलेले. म्युच्युअल फंडाचे मेल कोण वाचतं? पण सप्टेंबरचा वाचला असता तर पुढचे दोन हप्ते वाचले असते. मी हो म्हटलं. काकांना सांगितलं तर ते नाराज झाले. "अर्ध्यात सोडलंस. पहिल्या परतीचे 590 तरी काढायला हवे होते." दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

त्यांचा राग बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा होता. ते म्हणायचे, आमच्या वेळी शाखेतला माणूस खातेदाराला ओळखायचा, पगार बंद झालेला दिसला की विचारायचा. मला हे तितकंसं पटत नाही. त्या वेळी माझ्यासारखीला खातं उघडायलाच ओळख शोधावी लागली असती. पण एक गोष्ट खरी की हा पैसा किरकोळ नाही. सरकारी बँकांनी 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे 8,500 कोटी रुपये गोळा केले, असं जुलै 2024मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरात होतं. स्टेट बँकेनं मार्च 2020मध्येच हा दंड बंद केला. 2025च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक यांनीही बंद केला. म्हणजे तो न घेताही बँक चालते. आणि ज्याच्या खात्यात किमान शिल्लकही टिकत नाही, त्याच्याकडूनच हे कोटी आलेले आहेत.

9 फेब्रुवारीला 4,452.38 जमा झाले. नव्या नंबरवर मेसेज आला, तो मी घरात सगळ्यांना दाखवला. मग नेटबँकिंग उघडून रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायला गेले, तर उपलब्ध शिल्लक 2,962.00. होल्ड माफ केल्याचं पत्र माझ्या हातात होतं, पण सिस्टीमला ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. पुन्हा शाखा. तोच मुलगा. त्यानं पत्र पाहिलं, काहीतरी दाबलं, साहेबांना हाक मारली, साहेबांनी त्यांच्या स्क्रीनवर मंजुरी दिली. मोजून दोन मिनिटं. तीन महिने माझ्या डोक्यावर बसलेली बाकी एका बटणानं गेली.

तिथेच खातं बंद करायचा फॉर्म मागितला. खात्याला वर्षाहून जास्त झालेलं असल्यानं बंद करायची फी नव्हती. पण त्याआधी घरी बसून एक यादी करायला लागली होती: हा खाते क्रमांक कुठे कुठे दिलाय? प्राप्तिकराच्या पोर्टलवर परताव्यासाठी, पीएफला, गॅसच्या सबसिडीला, दोन विम्यांना. आठ वर्षांत एक नंबर किती ठिकाणी रुजतो ते उपटायला घेतल्यावर कळतं. विम्याची दोन्ही संमतीपत्रं दुसऱ्या बँकेत नव्यानं भरली. एसआयपी नव्यानं सुरू केली, तारीख 5ची 10 केली, मॅन्डेट रोजच्या खात्यावर.

28 फेब्रुवारीला उरलेले चेक आणि कार्ड दिलं. फॉर्मवर खातं बंद करण्याचं कारण विचारलेलं होतं आणि पुढे चौकोन: स्थलांतर, नोकरी बदल, सेवेबाबत असमाधान, इतर. मी पेन घेऊन थांबले. तो मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, नोकरी बदलवर टिक करा ना. असमाधानला वरून फोन येतो, आम्हालाच उत्तर द्यावं लागतं." त्याचा यात काही दोष नव्हता, आणि माझी नोकरी बदललीच होती. मी नोकरी बदलवर खूण केली. त्यानं कात्रीनं कार्डाचे दोन तुकडे केले आणि न मागता पोच फाडून दिली. शिक्का अगदी नीट, मधोमध.

घरी येऊन आईचं पासबुक काढलं. तिचं खातं दुसऱ्या बँकेत आहे, पेन्शन तिथेच येते.

"तुझ्या खात्याला मोबाइल नंबर कुठला दिलाय गं?"

ती लसूण सोलत होती. "बाबांचा."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं सिम आम्ही दुसऱ्याच महिन्यात बंद केलं होतं. बंद झालेला नंबर कंपनी काही दिवसांनी नव्या माणसाला देऊन टाकते. मी तो लावून पाहिला. रिंग गेली. कुणीतरी पुरुषानं उचलला, मागे रहदारीचा आवाज होता. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला.

सोमवारी आईला रिक्षात घालून तिच्या शाखेत नेलं. फॉर्म तिनंच भरला, सही करताना नेहमीसारखी जीभ बाहेर. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "चार-पाच दिवसांत होईल आजी, या तुम्ही."

आई उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून परत बसवलं.

"पोच द्या," मी म्हटलं, "मग जातो."